ज्यांची नोंद होते, त्यांना सभेत मत नाही

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर गोळा होणाऱ्या माहितीबाबत निर्देश काढण्याची विनंती.

महोदय,

सकाळचे साडेसात वाजलेले असतात. ठाणे, कोथरूड, वाशी, नाशिकचा गंगापूर रोड, सोसायटी कुठलीही घ्या. पोळ्या करणाऱ्या एक बाई फाटकाशी येतात, केबिनमधला वॉचमन फोन पुढे करतो, बाई आपला कोड सांगतात. त्याच क्षणी चार घरांतले फोन किणकिणतात : बाई आत आल्या. त्या पहिल्या मजल्यावर कणीक मळत असतात तेव्हा त्या इमारतीतच आहेत हे पाचव्या मजल्याला ठाऊक असते, आणि वीस मिनिटे उशीर झाला तर तो कुठे झाला असेल याचा अंदाजही तिथे बांधला जातो. बाईंच्या मागे औषधे घेऊन आलेला मुलगा उभा असतो. त्याचे नाव, मोबाइल नंबर, हेल्मेट काढायला लावून घेतलेला फोटो. मग एका सभासदाच्या सत्तरी ओलांडलेल्या मावशी, पुतण्याकडे पहिल्यांदाच आलेल्या. त्यांचाही नंबर, त्यांचाही फोटो. रात्रीपर्यंत अशा शे-दोनशे माणसांची नोंद कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन बसते. ही नोंद किती दिवस ठेवू, कोणाला दाखवू, असे त्यातल्या एकालाही कोणी विचारलेले नसते.

ही व्यवस्था आणण्याचा निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत झालेला असतो. विषयपत्रिकेवर विषय, सूचक, अनुमोदक, बहुमत, सगळे रीतसर. पोळ्यावाल्या बाई, औषधांचा मुलगा आणि मावशी मात्र त्या सभेच्या सभासद नाहीत. आपल्या कार्यालयाकडे हे पत्र येण्याचे कारण एवढेच आहे.

मुंबईत गामदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. त्यानंतरच्या शतकात या राज्यात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. पाण्याचे बिल, गच्चीची गळती, पार्किंगचे वाद, हस्तांतरणाची फी, कन्व्हेयन्स, या प्रत्येक गोष्टीसाठी सहकार कायद्यात कलम आहे किंवा आदर्श उपविधींत तरतूद आहे. सभासदांची ‘आय’ नोंदवही कशी ठेवायची, ‘जे’ नमुन्यातली यादी कशी करायची, सभासदाला कोणती कागदपत्रे पाहायला मिळतात, हे सगळे ठरलेले आहे. या नोंदवह्यांत माणसे असतात ती सभासद म्हणून. फाटकावरच्या नव्या नोंदवहीत असतात ती बहुतेक बाहेरची माणसे, आणि तिच्याबद्दलचे नियम आज जो तो सेक्रेटरी आपल्या समजुतीने बनवतो आहे.

सोसायट्यांनी फाटकावरच्या नोंदीची ही ॲप का घेतली, हे आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. जुनी कागदी वही काही सोन्याची नव्हती. तिच्यात खोटी नावे असत, वाचता न येणारे अक्षर असे, आणि आपला नंबर लिहिताना वरच्या दहा जणांचे नंबर सहज वाचता येत. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात दुपारचे पार्सल कोणी घ्यायचे हा खरा प्रश्न होता. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरात चोरीच्या इराद्याने कोणी शिरले, ही बातमी शहरांत अनेकदा वाचायला मिळते, आणि तशी बातमी वाचलेल्या मुलाला परदेशातून आईच्या दाराशी कोण आले ते फोनवर दिसावेसे वाटते. ती काळजी खरी आहे. कोविडच्या २०२० सालात फाटकावर कोण आले, कधी आले, याची नोंद ठेवणे हा तर आरोग्याचाच भाग झाला होता.

अशी ॲप पुरवण्याचा व्यवसायही याच काळात फोफावला. मायगेट ही कंपनी २०१६ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली आणि २०१९ मध्ये टायगर ग्लोबल, टेन्सेंट यांसारख्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ५.६ कोटी डॉलर घातले. नोब्रोकरहूड, अड्डा अशी इतरही नावे आहेत. एवढे भांडवल वॉचमनची वही बदलण्यापुरते येत नसते. कोणत्या इमारतीत किती घरे, कोणत्या घरी रोज किती पार्सले, कोण भाड्याने राहते, कोण नुकते राहायला आले, ही माहिती रंगकाम करणाऱ्यापासून विमा विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला हवी असते. जाहिराती दाखवणे आणि घरपोच सेवा विकणे हा या धंद्याचा उघड भाग आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण सोसायटीने हा करार केला तेव्हा आपण सुरक्षा विकत घेतो आहोत असे सभासदांना वाटत होते. त्याच वेळी आपण आपली आणि आपल्याकडे येणाऱ्यांची माहितीही देतो आहोत, हे सभेत कोणी समजावून सांगितले होते का? सभांच्या इतिवृत्तांत ॲपचा मासिक खर्च असतो. माहितीबद्दलचे वाक्य क्वचितच सापडते.

यावर हमखास येणारे उत्तर असे : आपण चाळीत, वाड्यात वाढलेली माणसे. तिथे कोण कोणाकडे आले हे सगळ्या गॅलरीला माहीत असायचे. खासगीपणाचे हे खूळ आता कुठून आले?

चाळीचा दाखला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. गॅलरीतले पाहणे दोन्ही बाजूंनी होते. शेजारणीने आपल्याकडचा पाहुणा पाहिला, तसा आपणही तिच्याकडचा पाहिला. पाहणाऱ्याचा चेहरा ओळखीचा होता, त्याच्याशी भांडता येत होते, आणि गेल्या वर्षी अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजून चौदा मिनिटांनी कोण आले हे कोणाच्याही लक्षात राहत नव्हते. ॲपमधली नोंद मिनिटानिशी राहते, एका बोटाने शोधता येते, आणि तिच्याकडे पाहणारा कोण हे नोंद झालेल्याला कधीच कळत नाही. सासरचा जाच सोसणाऱ्या स्त्रीला भेटायला तिची वकील येते तेव्हा त्या घराच्या नोंदी नवऱ्याच्याही फोनवर उमटतात. मानसोपचारतज्ज्ञ घरी येतात, वयात आलेल्या मुलीचा मित्र येतो, कर्जवसुलीवाला येतो. लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसाच्याही दाराशी अशी माणसे येतात, आणि ती कोण हे कोणाला सांगायचे ते त्याने ठरवायचे असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने हेच सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरच्या त्या निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. पुढे सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होणार आहेत.

हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आपल्या चाळीस घरांच्या सोसायटीला त्याचे काय, अशी समजूत कार्यकारिणीच्या बैठकांत असते. ती तपासून पाहावी लागेल. कायद्याने सूट दिली आहे ती स्वतःच्या किंवा घरच्या कामासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला. मुंजीच्या आमंत्रितांची यादी कोणी मोबाइलमध्ये केली तर कायदा त्या घरात शिरत नाही. सोसायटी मात्र घर नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेली प्रत्येक संस्था ही सभासदांहून वेगळी, स्वतःच्या नावाने दावा लावू शकणारी निगम संस्था आहे. कशासाठी आणि कशा रीतीने माहिती गोळा करायची हे ती ठरवते, म्हणून नव्या कायद्याच्या भाषेत ती ‘डेटा फिड्युशिअरी’ ठरते; मराठीत म्हणायचे तर माहितीची विश्वस्त. ॲपवाली कंपनी तिच्या वतीने काम करत असेल तर करारात काहीही लिहिलेले असले तरी जबाबदारी विश्वस्ताचीच, असे कलम ८ स्पष्ट सांगते. अडचण अशी की कागदी वहीला हा कायदा लागत नाही, पण तीच वही कोणी सोयीसाठी संगणकात उतरवली की त्या क्षणापासून लागतो.

कायद्याला हवी असलेली संमती कशी असावी, तर मोकळ्या मनाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, समजून दिलेली, आणि कारणाला लागेल तेवढ्याच माहितीची. दिली तितक्याच सहजपणे ती परत घेता आली पाहिजे. कशासाठी माहिती घेत आहोत हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्या अनुसूचीत मराठी आहे, तशी केबिनमध्ये बसलेल्या अनेक रखवालदारांची नेपाळीही आहे. आता फाटकावरचे वाक्य आठवावे : ‘नंबर टाका, नाहीतर आत सोडता येणार नाही.’ हातात दुसऱ्याचे जेवण, मागे उशिराचा दंड, समोर बंद फाटक. अशा वेळी दिलेल्या नंबराला मोकळ्या मनाची संमती कोण म्हणेल?

हाच प्रश्न दुकानांच्या गल्ल्यावर आला होता. बिल करण्याआधी मोबाइल नंबर मागायचा, दिला नाही तर बिलच करायचे नाही, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने विक्रेत्यांना बजावले की नंबरासाठी अडून बसू नका. साबण विकायला नंबर लागत नाही हे सरकारी खात्याने सांगावे लागले. तिसऱ्या मजल्यावर चपाती-भाजी पोचवायलाही तो लागत नाही, हे आता सहकार खात्याने सांगावे.

पोळ्यावाल्या बाईंकडे पुन्हा वळावे लागेल, कारण या सगळ्याचा सर्वांत मोठा भार त्यांच्यावर आहे. पाहुण्याची नोंद वर्षातून दोनदा होते; त्यांची रोज, येताना आणि जाताना, वर्षानुवर्षे. अशा ॲपमध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रीचे एक पान असते. त्यावर फोटो, नंबर, ती इमारतीत कोणकोणत्या घरी काम करते, महिन्यात किती दिवस आली, आणि अनेक ठिकाणी तिला लोकांनी दिलेले तारे. एका घरात पगारावरून कुरबूर झाली आणि तिथून दोन तारे पडले तर पुढच्या घराची बोलणी तिथेच अडतात. तिला मात्र उलट काही पाहता येत नाही. कोणते घर पगार वेळेवर देते, कोणते घर सुट्टीचे पैसे कापते, कुठे बाईंना वेगळा कप ठेवलेला आहे, याचे पान कोणत्याही ॲपमध्ये नाही. आपल्या पानावर काय लिहिले आहे ते वाचण्याची, चुकीचे असेल तर दुरुस्त करून घेण्याची सोय तिच्या हाती नाही, आणि अनेकदा असे पान आहे हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. पुण्यात मोलकरणींच्या संघटनेने पगारवाढ, सुट्टी, बोनस यांसाठी दशकानुदशके लढे दिले. ज्या राज्यात हे घडले तिथे या स्त्रियांच्या कामाची सर्वांत तपशीलवार नोंद आज कोणाकडे आहे, तर ॲपच्या सर्व्हरवर. आणि ती त्यांच्या हक्कासाठी वापरली जात नाही. हीच नोंद त्यांना मिळाली तर तिचे मोल किती आहे पाहा. अमुक घरी तीन वर्षे, महिन्याला सव्वीस दिवस, या वेळेपासून या वेळेपर्यंत काम केल्याचा तो पुरावा आहे. मंडळाकडे नोंदणी करताना, थकलेला पगार मागताना तो कामाला येईल. माहिती संरक्षणाचा नवा कायदा त्यांना स्वतःची माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क देणारच आहे. सोसायटीने दर महिन्याला त्यांची हजेरी छापून किंवा फोनवर त्यांच्या हाती दिली तर त्याला खर्च जवळजवळ नाही.

कॅमेऱ्यांचे तसेच. आज सोसायटीत सीसीटीव्ही नाही असे क्वचित ऐकू येते. फाटकावर, वाहनतळात कॅमेरा असावा याबद्दल फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो चित्रीकरण कोण पाहते यावर. बहुतेक इमारतींत रेकॉर्डरचा पासवर्ड बसवणाऱ्या माणसाने ठेवला तोच राहतो, आणि कार्यकारिणीतल्या चार-पाच जणांच्या फोनवर थेट चित्र चालू असते. कोणी कधी काय पाहिले याची नोंद ठेवली जात नाही. मग लिफ्टमधल्या एखाद्या मुलामुलीची क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, आणि ग्रुपवर आलेली क्लिप ग्रुपपुरती राहत नाही.

पासवर्ड न बदलल्याने काय होते ते जगाने २०१६ मध्येच पाहिले. ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेत अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. घराजवळचे उदाहरण त्याहून अस्वस्थ करणारे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले सीसीटीव्ही चित्रीकरण, तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे, यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघाल्याचे उघड झाले. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीतले तरुण होते. रुग्णालयाने कॅमेरे सुरक्षेसाठीच लावले होते.

पाहणारे आतलेही असू शकतात. ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीने कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातली चित्रे पाहू दिली, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये एका माणसाने लावलेले कॅमेरे शेजारच्या बाईंचे येणेजाणे आणि बोलणे टिपतात म्हणून ते माहिती संरक्षणाच्या कायद्याचा भंग ठरवले. आपल्याकडे कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये, एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात, सहनिवासींच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. जिन्याच्या चौथऱ्यावर समोरच्या दाराकडे तोंड करून लावलेला कॅमेरा ही आपल्या सोसायट्यांतली नेहमीची तक्रार आहे. उपनिबंधकांकडे ती येते तेव्हा कोणत्या उपविधीखाली निकाल द्यायचा, हे त्यांनाही शोधावे लागते. एप्रिल २०२५ पासून देशात विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही उपकरणांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली आहे, हे चांगले झाले. भिंतीवर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्यांना मात्र तिचा उपयोग नाही.

आधारच्या झेरॉक्सचा प्रश्न सोडवायला सोपा आहे, म्हणून थोडक्यात. नवा भाडेकरू आला, आधारची प्रत द्या. नवी कामवाली आली, आधारची प्रत द्या. सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात अशा प्रतींची फाइल असते आणि हल्ली तिचा फोटो काढून ॲपवरही चढवला जातो. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना आधारचा वापर करू देणारी कलम ५७ मधली वाट बंद केली. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने, झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार द्या, असे पत्रक काढले. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले, पण मास्क केलेल्या आधारची सोय आजही आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश शहरांत निघतात ते प्रामुख्याने घरमालकासाठी. ओळख पटवायची तर कार्ड पाहावे आणि परत द्यावे. प्रत ठेवण्याची गरज सोसायटीला नाही, आणि ठेवलेली प्रत हरवली तर उत्तर द्यायला सोसायटीच उभी राहील.

ॲप कोणते वापरायचे, वापरायचे की नाही, यातही सभासदाला निवड हवी. कित्येक ठिकाणी तक्रार नोंदवायची, क्लबहाउस घ्यायचे, मेंटेनन्स भरायचा तर त्याच एका ॲपमधून, अशी वाट उरली आहे. साधा बटनांचा फोन वापरणारे आजोबा त्यात बाहेर पडतात, आणि आपल्या फोनमधले संपर्क, ठिकाण कोणत्याही कंपनीला द्यायचे नाही असे ठरवणारी तरुण मुलगीही. अँड्रॉइडने २०१५ पासून आणि ॲपलने त्याआधीपासून प्रत्येक परवानगी वेगळी नाकारण्याची सोय दिली आहे. फोनने दिलेली मोकळीक सोसायटीने ठरावाने काढून घेऊ नये. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. फोन चोरी आणि फसवणूक रोखणे हा त्याचा हेतू होता. देशभर विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. ॲप आजही आहे, ज्यांना हवे ते घेतात. केंद्र सरकार जिथे माघार घेऊ शकले तिथे सोसायटीची कार्यकारिणीही इंटरकॉम आणि चेकचा पर्याय चालू ठेवू शकते.

महोदय, आता विनंती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली राज्य शासन लोकहितासाठी संस्थांना निर्देश देऊ शकते. पुनर्विकासात सभासदांची फसवणूक वाढली तेव्हा याच कलमाखाली ३ जानेवारी २००९ आणि ४ जुलै २०१९ रोजी निर्देश निघाले. सभा कशी घ्यायची, निविदा कशा उघडायच्या, चित्रीकरण कसे करायचे, हे त्यांत बारकाईने सांगितले होते. त्यांची अंमलबजावणी सगळीकडे चोख झाली असे नाही, तरी बिल्डरपुढे उभ्या राहिलेल्या सभासदाच्या हातात बोट ठेवायला एक कागद आला. फाटकावरच्या माहितीसाठी तसाच कागद आपल्या कार्यालयाने तयार करून शासनाकडे पाठवावा आणि आदर्श उपविधींत त्याचे प्रकरण घालावे.

त्यात फार काही अवघड नको. पाहुण्याकडून नाव आणि कोणत्या घरी जायचे एवढेच विचारावे. नंबर मागायचा तर तो ऐच्छिक आहे हे केबिनच्या काचेवर मराठीत आणि रखवालदाराच्या भाषेत लिहिलेले असावे. ज्या घरी जायचे त्या घराने आधीच दिलेल्या कोडवर माणूस आत यावा, म्हणजे नंबराचा प्रश्नच उरत नाही. बहुतेक ॲपमध्ये ही सोय आजच आहे, फक्त ती वापरली जात नाही. नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर, तीस दिवस म्हणा, आपोआप पुसल्या जाव्यात, आणि पोलिसांनी लेखी मागणी केली असेल तेवढीच नोंद त्यापुढे राहावी. घरकाम करणाऱ्यांना तारे देणे बंद व्हावे. एका घरातले त्यांचे येणेजाणे दुसऱ्या घराला कळू नये, आणि त्यांची हजेरी त्यांना मिळावी.

कॅमेऱ्याचे चित्रीकरण पाहण्याचा अधिकार ठरावाने नेमलेल्या दोन माणसांनाच असावा, प्रत्येक पाहण्याची वहीत नोंद व्हावी, बसवणाऱ्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, आणि क्लिप ग्रुपवर टाकणाऱ्या पदाधिकाऱ्यावर कारवाईची तरतूद असावी. ॲपवाल्या कंपनीशी होणारा करार सभासदांना पाहायला मिळावा. करार संपला की सगळी माहिती सोसायटीला परत देऊन कंपनीने आपल्याकडची पुसावी, आणि पाहुण्यांचे नंबर जाहिरातीसाठी वापरू नयेत, ही दोन कलमे तरी त्यात सक्तीची हवीत. नव्या केंद्रीय कायद्यात माहितीची सुरक्षा नीट न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ती कमाल मर्यादा आहे आणि छोट्या संस्थेवर तेवढा दंड बसेल असे कोणी म्हणणार नाही, पण मानद म्हणून, संध्याकाळचा वेळ काढून काम करणाऱ्या सेक्रेटरीला या जबाबदारीची ओळख पहिल्या नोटिशीतून व्हावी हेही बरे नाही. त्याला आधीच मार्गदर्शन मिळाले तर तो बहुधा नीटच वागेल. आज त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

निर्देशाचा मसुदा करण्याआधी आपल्या कार्यालयाने हाउसिंग फेडरेशनला बोलावणे साहजिक आहे. त्याच बैठकीला घरेलू कामगारांच्या संघटना आणि डिलिव्हरी करणाऱ्यांचे प्रतिनिधी यांनाही बोलवावे. सोसायटीच्या सभेत त्यांना बसता येत नाही. आपल्या दालनात येऊ शकतात.

वेळेचे गणित असे आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. केंद्राचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, जबाबदाऱ्या लागू होणार मे २०२७ मध्ये. या दोन तारखांच्या मधे सभांचा एकच हंगाम येतो, सप्टेंबर २०२६ चा. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते आणि विषयपत्रिका त्याआधी कार्यकारिणीत ठरते. आपले निर्देश त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत संस्थांच्या हाती पडले, तरच हा विषय पत्रिकेवर येऊ शकतो.

कळावे,

गृहनिर्माण संस्थेचा एक सभासद